ताईच्या क्लासातली कुई

माझ्या ताईनं चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण एकाही गिऱ्हाइकाला त्याच्या अंगातला दोष तोंडावर सांगितला नाही. एखाद्याचा खांदा उतरता असला, तर ती त्या बाजूला आतून गुपचूप एक पट्टी लावायची. पोट सुटलेलं असलं, तर कापड असं कापायची की तो माणूस आरशासमोर उभा राहून म्हणायचा, "वा! बारीक झालो की काय मी?" ताई तोंडात टाचण्या धरून नुसतं "हं" म्हणायची.

मी तिचा धाकटा भाऊ. धंदा आवाजाचा. सभा, भाषणं, गाण्याचे कार्यक्रम, जिथं माइक तिथं मी. बत्तीस वर्षं झाली. धंद्यातले लोक मला कानसेन म्हणतात आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कुणी नवीन माणूस भेटला की ते नाव त्याच्या कानावर कसं पडेल याची मी व्यवस्था करायचो. आता हे सांगताना माझी मलाच लाज वाटते. पण सुरुवात केलीय तर सगळंच सांगतो.

गुडघ्यांनी दगा दिला आणि ताईला दुकान बंद करावं लागलं. चार महिने ती खिडकीपाशी बसून होती. जेवलीस का विचारलं तर म्हणायची, "जेवले असेन." मग तिच्या सुनेनं डोकं चालवलं. "आई, तुम्ही शिवता तेच शिकवा की. घरबसल्या, लाइव्ह!" ताई आधी हसली. पण सुनेनं मागच्या खोलीत मशीन हलवलं, कॅमेरा लावला, लॅपटॉप मांडला आणि पहिल्या दिवशी सहा जणी शिकायला आल्या. सहा महिन्यांत बावन्न झाल्या. रोज अकराला क्लास. साडेदहालाच ताई केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून मशीनपाशी हजर. त्या क्लासानं तिला खिडकीतून उठवलं होतं. क्लास गेला तर ती परत तिथंच जाऊन बसणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बायका वाढल्यावर नुसत्या लॅपटॉपचा आवाज पुरेना, तेव्हा ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. ताई हेडफोन घालायला तयार नव्हती. "कान झाकले तर मशीन कसं ऐकू? टाका ओढला जातोय की सैल पडतोय ते मला आवाजावरून कळतं." बरोबर होतं तिचं. म्हणून बायकांचे प्रश्न ऐकायला मी टेबलावर एक छोटा स्पीकर ठेवला, मशीनच्या वर माइक टांगला आणि मध्ये आवाज कमीजास्त करायचा माझा जुना मिक्सर जोडला. सगळं कसं झोकात, हॉलमध्ये करतो तसं.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. ताई बोलली की दोन सेकंदांनी तेच वाक्य परत यायचं, मग पुन्हा. खोलीत चार ताया एकमेकींच्या मागे बोलताहेत असं वाटायचं. मी आलो, दारात उभा राहिलो आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. सुनेनं ओट्यावर फोन ठेवून तोच क्लास मोठ्या आवाजात लावला होता, नीट चाललाय ना ते बघायला. फोनमधला आवाज दारातून माइकमध्ये, माइकमधला पुन्हा फोनमध्ये. गोल गोल. मी फोन बंद केला, आवाज स्वच्छ झाला. ताई बायकांना म्हणाली, "बघा, माझ्या भावाचे कान!" बावन्न जणींनी टाळ्या वाजवल्या. मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर.

दोन आठवड्यांनी सून म्हणाली, "मामा, आवाजात कुई येतेय. बायका तक्रार करताहेत."

इथं एक सांगायला हवं. आमच्या धंद्यात स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून ओरडायला लागला की त्याला तीन नावं आहेत. जाडा ओरडला तर भोंगा, मधला ओरडला तर शिट्टी आणि अगदी वरचा, सुईसारखा बारीक, ती कुई. भोंग्याला एक इलाज, शिट्टीला दुसरा, कुईला तिसरा. सुनेला हे कुठून माहीत असणार? मी स्पीकरला कान लावला. मशीनची टकटक, ताईचा आवाज, बास.

"काही नाही," मी म्हणालो. "आणि सरसकट कुई नसते म्हणायचं. असलीच तर शिट्टी असेल. शब्द तरी नीट वापर."

"शिट्टी नाही मामा. कुईच आहे. कुईईई अशी."

"बत्तीस वर्षं झाली मला! तू मला शिकवणार?"

मी घरी जाताना मनात म्हणालो, कानामागून आली आणि तिखट झाली. खरंच म्हणालो हो असं.

तक्रारी थांबेनात. "डोकं दुखतं", "कानात सुई टोचल्यासारखं होतं", "आवाज बंद करून नुसतं बघते". मी पुन्हा गेलो, वायरी बदलल्या, पुन्हा ऐकलं. काहीही नाही. मग मी निकाल दिला की दोष त्या बायकांच्या स्वस्तातल्या फोनचा आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी लोकांना किती वेळा ऐकवलीय! ताईनं माझा शब्द खाली पडू दिला नाही. लाइव्ह क्लासात तिनं सांगितलं, "माझा भाऊ म्हणतो आवाज ठीक आहे, म्हणजे ठीक आहे. आपापले फोन तपासा."

बावन्नच्या चाळीस झाल्या. चाळीसच्या एकोणतीस. रोज क्लास संपला की ताई स्क्रीनवरचा तो आकडा बघायची आणि चष्मा काढून ठेवायची. मी शेजारी उभा राहून म्हणायचो, "जाऊ दे गं, टिकणाऱ्या टिकतील."

एकोणीस राहिल्या, त्या दिवशी माझा तोल गेला. सून दारातून हळूच म्हणाली, "आई, दोन दिवस मिक्सर काढून बघू या का?" आणि मी फाडकन बोललो. "तुला मी नकोच आहे या घरात, ते सांग ना सरळ! आधी फोन लावून ठेवायचा, मग कुई कुई करून बायका पळवायच्या. काय मिळतं गं तुला? तुझ्यामुळं माझ्या बहिणीचा क्लास बुडतोय!"

माइक चालू होता. एकोणीस जणींनी ऐकलं. ताई म्हणाली, "अरे, पुरे." सुनेचं तोंड लालबुंद झालं. ती आत गेली. मला वाटलं, रडत बसली असेल. आता खरं सांगायचं तर बरंच वाटलं मला तेव्हा. एवढ्या हलक्या मनाचा झालो होतो मी.

ती रडायला गेली नव्हती. क्लास संपल्यावर ती फोन घेऊन आली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. त्यावर आवाजाच्या पट्ट्या नाचत होत्या, डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक. असली पट्टी मी आयुष्यात हजार वेळा बघितलीय, पण घरात कधी लावावी असं वाटलं नव्हतं. कान असताना डोळे कशाला?

"आई, मशीन थांबवा. कुणी बोलू नका," सून म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मामा, ऐकू नका. नुसतं बघा."

खोली शांत झाली. म्हणजे माझ्यासाठी शांत झाली. फोनवर डावीकडच्या, मधल्या पट्ट्या खाली बसल्या. आणि अगदी उजवीकडे एकच पट्टी ताठ उभी राहिली. खाली येईना.

मी स्पीकरला कान लावला. दुसरा कान लावला. काहीच नाही. पट्टी तशीच उभी.

माझा हात आपोआप मिक्सरवर गेला आणि तेव्हा मला ते बटण दिसलं. हॉलमध्ये गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्यासमोरच्या स्पीकरमध्ये आम्ही त्याचाच माइक सोडतो. पहिलं काम ते. हाताला इतकी सवय की कळतही नाही. ताईच्या खोलीतही मी तेच करून ठेवलं होतं. अरे गाढवा, चार पावलांच्या खोलीत बाईला स्वतःचा आवाज स्पीकरमधून कशाला हवाय? त्या स्पीकरमधून फक्त बायकांचे प्रश्न यायला हवे होते. तिचा माइक त्यात सोडला, आवाज फिरून माइकमध्ये, पुन्हा स्पीकरमध्ये. नवशिक्यानंही केली नसती अशी चूक. अशी चूक जुना माणूसच करू शकतो.

मी बटण शून्यावर आणलं. पट्टी पडली.

मला आधी जे ऐकू येत होतं तेच नंतरही येत होतं. काडीचा फरक नाही. पण ताईनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला, पदराआडून हात वर नेला आणि दोन्ही कानांतून कापसाचे बोळे काढले.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी ती.

"तुला ऐकू येत होती?"

ती बोळे बोटांत चुरगळत बसली.

"पहिल्या दिवसापासून?"

"अरे, बारीकच होती..."

"ताई!"

"हो, येत होती," ती म्हणाली. "पण तुला येत नाहीये हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मग काय सांगू? तुझ्या कानांवर तुझं सगळं चालतंय. बायका काय, पुन्हा मिळतील." मग सुनेकडे वळून म्हणाली, "हिलाही मीच गप्प बसवत होते. म्हटलं, त्याला बोलू नकोस. आज तू तिला एवढं बोललास, तिनं तरी किती ऐकायचं?"

म्हणजे मी ज्या पोरीला चोर ठरवलं, ती तीन आठवडे माझीच अब्रू झाकत होती. बत्तीस वर्षं मोठमोठ्या स्पीकरच्या तोंडाशी उभा राहिलो, कान कधी गेले कळलंच नाही. आणि ज्याला कळायला हवं, तो सोडून सगळ्यांना कळलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. मी सुनेला काही बोलायला गेलो तर ती कपडे वाळत घालायचं निमित्त काढून निघून गेली. बरोबरच होतं.

रात्रभर विचार करून मी दुसऱ्या दिवशी पावणेअकराला ताईकडे गेलो आणि आज बायकांशी मी बोलणार म्हणालो. ताई म्हणाली, "कशाला? मी सांगते त्यांना, वायर खराब होती म्हणून."

"पुन्हा झाकू नकोस," मी म्हणालो. "मला बोलू दे."

अकराला सतरा जणी आल्या. मी माइकसमोर बसलो. माझ्या धंद्यात मी नेहमी माइकच्या मागे, समोर कधीच नाही.

"मी यांचा भाऊ. आवाज लावणारा," मी म्हणालो. "तुमचे फोन चांगले आहेत. कुई होती. चूक मी केली होती आणि ती मला ऐकू आली नाही, कारण तेवढं बारीक मला आता ऐकू येत नाही. आणि काल मी या घरच्या सुनेला जे बोललो ते तुम्ही ऐकलंत. ते सगळं खोटं होतं. ती पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. सूनबाई, माझं चुकलं."

सून दारातच उभी होती, दोन्ही हात घट्ट बांधून. मग स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. साधाच, काळजीचा.

"दादा, मग आता गेली का हो कुई?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला हजार जणांनी विचारला असेल. मी दाराकडे बघितलं. सुनेनं जरा वेळ लावला. लावणारच. मग तिनं मान तिरकी करून खोलीचा कानोसा घेतला आणि हलकेच होकारार्थी मान हलवली.

"गेली," मी म्हणालो.