पॅरिसचा टाक

आमच्या ह्यांना मेडलांचं वेड होतं. साधीसुधी नव्हेत हं, जागतिक प्रदर्शनांची. पूर्वी म्हणे पॅरिस, लंडन, शिकागो असल्या शहरांत देशोदेशीच्या मालाची मोठाली प्रदर्शनं भरायची. तिथे बक्षीस दिलेली मेडलं, आठवण म्हणून विकलेले बिल्ले, तिकिटं, रंगीत कार्डं, सगळं ह्यांना हवं. भाईंदर पूर्वेला आमचं वन रूम किचन, पाणी टँकरचं, आणि कपाटाचे दोन खण ह्या पसाऱ्याने भरलेले. माझ्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत. मी म्हणायची, "अहो, जगाचं प्रदर्शन भरवायला माझंच घर सापडलं का?" तर नुसते हसायचे. जित्याची खोड, दुसरं काय!

भाईंदरला भांड्यांचे कारखाने, म्हणून पितळेचं भंगार गोण्या भरभरून वितळवायला यायचं, त्यात कधीकधी जुनी मेडलंही निघायची. रविवार आला की हे ऑफिसचा शर्ट टाकून भंगाराच्या गोदामात. काळे हात घेऊन घरी यायचे आणि खिडकीपाशी भिंग लावून एकेका मेडलची कडा बघत बसायचे. आवडेल ते ठेवायचे, बाकीचं भाईंदर पश्चिमेच्या एका गुजराती शेठना द्यायचे. शेठ स्वतः शौकीन. माणूस भला, उगाच खोटं कशाला बोलू.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नणंदेच्या दोन्ही किडन्या गेल्या. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती बिचारीने. तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं आणि सासूबाई तिच्या उशाशी जाऊन राहिल्या. एकुलती एक लेक त्यांची. निघताना देव्हाऱ्यातल्या टाकापुढे पदर पसरून त्यांनी नवस बोलला, "माझी पोर चालत घरी येऊ दे, आई, तुझा गोंधळ घालीन."

टाक म्हणजे देव्हाऱ्यात पूजतात तो चांदीच्या पत्र्यावर उठवलेला कुळदेवाचा ठसा. आमचा देवीचा, चांगला तळहाताएवढा गोल, चेहरा झिजून गुळगुळीत झालेला. सासूबाई त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. स्वतः आंघोळ घालायच्या, वर हळदकुंकवाचे थर. आणि बोलायच्या किती त्याच्याशी! रॉकेलच्या रांगेपासून सुनेच्या तोंडाळपणापर्यंत सगळं सांगायच्या. तावातावाने भांडायच्यासुद्धा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मनात म्हणायची, बाई गं, निदान एक तरी आहे हिचं ऐकणारं.

त्या जाताना पूजा माझ्यावर सोपवून गेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी माझी पाळी आली. देवीची पूजा चुकवायची नाही, नवस चालू आहे, म्हणून मी ह्यांना बसवलं. कॉलेजपासून देव सोडलेला माणूस! कुरकुरत ताम्हन घेऊन बसले. थोड्या वेळाने बघते तर बाहेर काही आवाजच नाही. हे टाक हातात धरून बसलेले, बाजूला भिंग.

"अगं, हा पत्रा नाही," हे म्हणाले. "भरीव आहे. कडेला टांकसाळीचा शिक्का बघ. ही पॅरिसच्या प्रदर्शनाची बाई आहे."

"कसली बाई?"

"फ्रान्सची. त्यांच्या देशाचं चित्र म्हणून काढतात. डोक्यावर पानांचा मुकुट बघ."

मग त्यांनी टाक उलटा केला. मागची बाजू कायम पाटाकडे, म्हणून तिथली अक्षरं शाबूत होती. इंग्रजीत नाव. आमचं आडनाव. ह्यांचे पणजोबा कोकणात लाकडावर कोरीवकाम करायचे, एवढंच घरात ठाऊक होतं. त्यांची वस्तू कुणी साहेबाने तिकडे पाठवली असेल, बक्षीस आलं असेल. आणि घरातल्या बायकांनी चांदीची बाई बघितली, मुकुट बघितला, नेऊन ठेवली देव्हाऱ्यात. चुकलं काय त्यांचं? मीही तेच केलं असतं.

ह्यांच्या डोळ्यांत पाणी. जन्मभर भंगारातून दुसऱ्यांच्या पणजोबांची मेडलं वेचली ह्या माणसाने, आणि स्वतःच्या पणजोबाचं हातभरावर बसलेलं. मला कळत होतं ते. पण मी सरळ सांगितलं, "आईंना ह्यातलं अक्षर कळता कामा नये. त्यांची लेक तिकडे मरणाच्या दारात आहे, आणि त्यांचा सगळा जीव ह्या टाकात आहे. माझी शपथ आहे तुम्हाला." हे म्हणाले, नाही सांगणार. आणि नाहीच सांगितलं त्यांनी. सांगितलं ते शेठना. आनंद पोटात मावला नाही, दुसरं काय.

पुढच्या रविवारी सासूबाई आंघोळीला आणि कपडे न्यायला घरी आल्या होत्या. देवीचं तीर्थ बाटलीत भरत होत्या. दर खेपेला न्यायच्या, नणंद दोन थेंब घ्यायची, तिला बरं वाटायचं. तेवढ्यात शेठ दारात, हातात पेढ्यांचा पुडा. मी डोळ्यांनी खुणावते, हे उठून पुढे धावतात, पण शेठ देव्हाऱ्यासमोर हात जोडून मोकळे. "माताजी, बधाई हो! ये देवी नहीं है, पॅरिस का मेडल है. आपके खानदान को मिला है!"

कुणाला बोल लावणार? बिचारा मान द्यायला आला होता.

सासूबाईंनी बाटली खाली ठेवली. ह्यांच्याकडे बघून विचारलं, "खरं का रे?"

मी मनात म्हणतेय, खोटं बोला ना मेलं, एकदा तरी! पण नाही. मान खाली घालून म्हणाले, "आई, पणजोबांना मिळालं होतं. केवढी मोठी गोष्ट आहे."

"देवी नव्हे?"

"नाही."

"मग माझा नवस कुणाला पोचला?"

शेठ पेढे तिथेच ठेवून गेले. सासूबाईंनी बाटली तुळशीत ओतली आणि चपला घातल्या. मी सोबत गेले. हॉस्पिटलात नणंदेने विचारलं, "आई, तीर्थ नाही आणलंस?" त्या म्हणाल्या, "विसरले गं." नणंदेने भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या खेपेलाही त्या विसरल्या. मग तिने विचारणं सोडलं.

महिन्याभरात ती गेली. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. असेलही. मी काही डॉक्टर नाही. पण त्या शेवटच्या दिवसांत तिच्या तोंडात दोन थेंब पडले असते तर कुणाचं काय जात होतं, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सुतक फिटल्यावर हे रोज आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे बसायला लागले. टाकाला न्हाऊ घालायचे, कुंकू लावायचे, आई बघतेय का म्हणून तिरक्या नजरेने बघायचे. त्या बघायच्याच नाहीत. एक दिवस उठल्या, टाक उचलला, पदराने पुसून ह्यांच्या कपाटात बाकीच्या मेडलांशेजारी नेऊन ठेवला. हे लहान मुलासारखे रडले. मी त्यांना थोपटलं नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर तांदूळ निवडायला बसल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, रागावू नका देवीवर."

"तिच्यावर कशाला रागावू?" खडे बाजूला काढता काढता त्या म्हणाल्या. "परमुलखातली बाई ती. मी आपली रोज मराठीतून मागत होते. तिला बिचारीला काय कळलं असेल, माझी पोर मरतेय म्हणून?"