पाण्यासारखा कफ

आई रोज सकाळी मला बेसिनपाशी हाक मारायची आणि आपण काय थुंकलो ते दाखवायची. माझ्या तोंडात ब्रश असायचा. मी वाकून बघायचो, मान हलवायचो, मग ती समाधानाने नळ सोडायची. काही घरांत सकाळी राशिभविष्य वाचतात, आम्ही कफ वाचायचो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे वाचनाचा मान माझ्याकडे होता. नियम सोपे होते आणि ते मला मोबाईलने शिकवले होते. पिवळा म्हणजे जंतू. हिरवा म्हणजे जंतूंनी चांगलंच बस्तान मांडलंय. लाल दिसला तर चपला शोधत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. आणि पाण्यासारखा स्वच्छ असेल तर काही नाही, घरी बसा. आईचा अगदी पाण्यासारखा होता. कधी चिकट, कधी जरासा फेसाळ, पण आरपार दिसणारा.

"बघ, कसा हाय," ती कौतुकाने म्हणायची. "आतली सगळी घाण निघून चालली."

पाऊस संपता संपता सुरू झालेला तो खोकला दिवाळी आटोपली तरी मुक्कामाला होता. बायकोने दह्यावर ठपका ठेवला, शेजारच्या काकूंनी फ्रिजवर, आणि मेडिकलवाल्याने हवेवर. त्याने दोष देऊन वर एक बाटलीही दिली. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून छातीला लावून झाली. घराला वाण्याच्या दुकानासारखा वास यायला लागला. खोकला तसाच. पण कफ स्वच्छ होता, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कागदावर आहे. आई भाजी घेऊन वर येताना पहिल्या मजल्यावर थांबायची आणि तिथल्या काकूंच्या कुंड्यांची चौकशी करायची. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी नातवाची. मला बरं वाटायचं, चांदवडकडच्या खेड्यातली बाई, शहरात रुळली एकदाची. ती दम खात होती, हे विज्ञानाच्या मास्तराला कळलं नाही. बायकोला कळलं. आईचे सैल झालेले ब्लाउज आत घेता घेता ती एकदा म्हणाली, "आईंना दाखवून आणा कुणाला तरी. अहो, दंड बघा त्यांचे." मी म्हणालो, "अगं, कफ एकदम क्लिअर आहे." ह्यावर तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी वर्गात शेवटच्या बाकाकडे बघतो.

आता कबुतरांबद्दल सांगायला हवं.

वडील गेले तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. पिंड मांडून आम्ही लांब उभे राहिलो. कावळे होते, झाडावर बसून आमच्याकडे बघत होते, खाली मात्र एक उतरेल तर शपथ. मग जमलेल्या मंडळींनी वडिलांच्या इच्छा ओळखायला सुरुवात केली. चुलते म्हणाले, बांधाचं भांडण मिटवतो. आत्या म्हणाली, नातीच्या लग्नाचं आम्ही बघू. कुणीतरी चहाचा कप आणून ठेवला. कावळे ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो शिववला, आणि आम्ही घरी गेलो. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. आईला नाही. माणूस नाराज होऊन गेला, हे तिने मनाला लावून घेतलं.

त्यानंतर मी तिला नाशिकला घेऊन आलो. खोकल्याच्या आदल्या वर्षी, पितृपक्षात, तिने पान वाढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. कॉलनीत कावळा औषधालाही सापडत नाही. बराच वेळ ती हात जोडून उभी राहिली, आणि मग एक लठ्ठ कबुतर आलं. ते ऐटीत पानाभोवती फिरलं, खीर सोडून भात तेवढा खाल्ला, आणि पानातच घाण करून उडून गेलं.

"तेच," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "खीर त्यांना कधी आवडलीच नाय."

तेव्हापासून कठड्यावर रोज ज्वारी पडायची. जिथे एक आलं तिथे महिन्याभरात त्याचं सगळं गणगोत जमलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर, एसीच्या डब्यावर, माझ्या स्कूटरच्या सीटवर सगळीकडे त्यांचे ठसे. त्यातले वडील कुठले, असं मी एकदा विचारलं. आई म्हणाली, "तू हाकलतोस ना, ते." रोज सकाळी ती गॅलरी कोरडीच झाडायची, सावकाश, कोपरान् कोपरा. पांढरी धूळ उन्हात तरंगायची. झाडून झालं की आत येऊन खोकायची, आणि मग मला बेसिनपाशी हाक मारायची. मी मुलांना कार्यकारणभाव शिकवतो. दर वर्षी.

एका सकाळी कुंड्यांची चौकशी करायलाही तिला आवाज फुटेना. ती जिन्यात खाली बसली. ओठ निळसर झाले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो, आणि चपला न शोधता तडक दवाखाना गाठला.

छातीच्या डॉक्टर तरुण होत्या. मी आमची जमेची बाजू आधी मांडली. "मॅडम, कफ एकदम स्वच्छ आहे. मी रोज बघतो."

"छान," त्या म्हणाल्या. "त्यावरून एवढंच म्हणता येईल, की बहुतेक पू झालेला नाही. कफ कशाने येतोय ते रंग सांगत नाही. ॲलर्जीत स्वच्छच येतो, दम्यात येतो, पित्त वर येऊन येतो, हृदय थकलं तरी येऊ शकतो. खोकला इतके आठवडे टिकला, दम लागतो, वजन उतरलंय, हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

त्यांनी आईकडे वळून विचारलं, "आजी, घरात पक्षी वगैरे पाळलेत?"

"पक्षी नाय," आई म्हणाली. "मालक येतात फक्त सकाळी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला सगळं सांगावं लागलं, कावळ्यापासून. त्या हसल्या नाहीत, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

स्कॅन झाला. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून जाऊन फुप्फुसांना सूज आली होती, एका बाजूचा थोडा भाग कडक व्हायला लागला होता. गोळ्यांनी सूज उतरेल, पण कबुतरं बंद झाली तरच. नाहीतर कडक भाग वाढत जातो, तो पुन्हा मऊ होत नाही, आणि पुढे घरात ऑक्सिजनचं मशीन आणावं लागतं. डॉक्टरांनी हे आईलाच सांगितलं, तिच्या हातावर हात ठेवून. आईने ऐकून घेतलं आणि येताना रिक्षा थांबवून ज्वारी घेतली.

घरी मी आकाशपाताळ एक केलं. जाळी बसवायची म्हणजे बसवायची. कबुतर म्हणजे कबुतर, त्यात कुणी नसतं. आई म्हणाली, "एकदा त्यांना उपाशी धाडलं, कावळा शिवला नाय. आता परत दार लावू?" बायको मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "त्यांच्याशी भांडू नका. त्यांना वाटतंय तुम्ही वडिलांना घराबाहेर काढताय." आणि खरंच, तसंच होतं ते. तिला श्वास हवा तर नवरा जाणार होता, नवरा हवा तर श्वास. मला तिचा श्वास हवा होता, आणि तो मागायची हिंमत होत नव्हती.

दोन-तीन दिवस ती ज्वारी टाकत राहिली, तोंडाला पदर लावून. मग एका दुपारी मी पेपर तपासत बसलो होतो, ती येऊन समोर बसली.

"डॉक्टरीण काय म्हणली? त्यांच्यामुळं खोकला हाय?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. त्यांच्या धुळीने."

ती हसायला लागली. इतकी हसली की ढास लागली, मी उठून पाणी आणलं. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "मग तेच हायेत रे. मला वाटलं होतं, माझंच काही चुकलं असंल, दुसरंच कुणी असंल. नाय, तेच. जन्मभर एका खोलीत बिड्या वढल्या. चुलीपाशी मी, खाटेवर ते. मी खोकायला लागले की म्हणायचे, बाहेर जाऊन खोक. थंडीत गोठ्यात उभी राहून खोकायची मी, लय वेळा. तुम्ही पोरं झोपलेली."

मला हे माहीत नव्हतं. मी त्या खोलीत झोपत होतो आणि मला माहीत नव्हतं.

"बोलव त्या जाळीवाल्याला," ती म्हणाली.

तो दुसऱ्या दिवशी आला. आईला आत बसायला सांगितलं होतं, ती तोंडाला मास्क लावून दारातच उभी राहिली. खालच्या कोपऱ्यात फट राहिली होती ती तिनेच दाखवली. "घट्ट बांध, बाबा." तो गेल्यावर ते लठ्ठ कबुतर आलं, जाळीला छाती लावून घुमत राहिलं, आत यायला वाट शोधत. मला रडू आलं. मला वाटलं, आता ती कोसळणार, आणि मी तिला धरायला पुढे झालो.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि लग्न झाल्यापासून ज्या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती त्या आवाजात म्हणाली, "अहो, आता तुम्ही बाहेर बसा."