सुचेताच्या डोळ्यांचा चैत्र

लग्न होऊन सुचेता नागपूरहून भोपाळला आली आणि अवधपुरीतल्या पहिल्याच चैत्रात तिचे डोळे लालबुंद झाले. कडुनिंब मोहरला की खाज सुटायची, पाणी थांबता थांबायचं नाही. शेजारच्या रत्नप्रभाकाकूंना वाटलं, पोरीला घरात जाच आहे. त्यांनी सुचेताच्या नवऱ्याला, उदयला, जिन्यात गाठून चांगलंच सुनावलं. कारखान्यात टेक्निशियन असलेला उदय मुळातच अबोल. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि रजा टाकून बायकोला माहेरी घेऊन गेला. तिथेही डोळे तसेच. तेव्हा कुठे काकूंचा राग गेला.

पुढची वर्षं गार पाण्याच्या घड्या, गुलाबपाणी आणि बंद खिडक्या यांत गेली. ऊन तापलं की आपोआप बरं वाटायचं, म्हणून दुखणं अंगवळणी पडलं. एक सोयही होती त्यात. चैत्रात तिला खरंच रडू आलं तरी कुणी काही विचारत नसे.

मुलीचं, प्राजक्ताचं, लग्न नेमकं चैत्रात ठरलं, तेव्हा तीच आईला शाहपुऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी समजावलं, की डोळे सुजल्यावर धावपळ करण्यापेक्षा झाडं मोहरायच्या आधीच थेंब सुरू करायचे आणि मोसम सरेपर्यंत सोडायचे नाहीत.

"डोळे धड असताना औषध कशाला?" घरी आल्यावर सुचेता कुरकुरली.

"कुलूप चोरी व्हायच्या आधीच लावतात," उदय म्हणाला.

तिला स्वतःला ते जमेना. बाटली जवळ आली की पापण्या मिटायच्या आणि औषध ओघळून कानात जायचं. मग उदयच सकाळ-संध्याकाळ हात धुऊन समोर बसू लागला. तो तिला वर बघायला लावायचा आणि खालची पापणी अलगद ओढायचा. थेंब सोडताना तो श्वास रोखून धरतो, हे तिच्या ध्यानात आलं. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, तेही तिने तेव्हाच पाहिलं.

लग्नाच्या दिवशी कडुनिंब ऐन भरात होता. थोडी चुरचुर झाली, तेवढीच. अंतरपाट दूर झाला तेव्हाचा प्राजक्ताचा चेहरा तिला अगदी नीट दिसला. पाठवणीच्या वेळी मात्र डोळे भरून आले आणि या खेपेला मोहोरावर ढकलायची सोय नव्हती. सुचेता सगळ्यांदेखत रडली. आता थकलेल्या रत्नप्रभाकाकू तिचा हात धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर सुनं सुनं होतं. उदय हात धुऊन, बाटली घेऊन आला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी रडून घेऊ द्या. नाही तर औषध वाहून जाईल."

त्याने बाटलीचं झाकण पुन्हा लावलं आणि तो तिच्याजवळ बसून राहिला.