लाल बटण कुणी दाबलं

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात रोलरवर होते. सगळं तारुण्य तिथेच गेलं. बोलण्यात कच्चे, पण त्यांची चेष्टा केली की स्वतःच आधी हसायचे, म्हणून मला ते फार आवडायचे. मग एका सकाळी कारखान्याच्या फाटकाला कुलूप दिसलं आणि पन्नाशी ओलांडलेला हा माणूस घरी बसला. ताईने शिवणाचं काम वाढवलं. दाजी रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसायचे. वर्ष उलटलं तरी कुणी बोलवायला आलं नाही.

शेवटी एका पॅकिंगच्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. सुपरवायझरची एकच जागा होती. ताई मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "ही हातची गेली ना, तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही." ती उगाच काही बोलणाऱ्यातली नाही, म्हणून मला धसकाच बसला.

भाचीने बापाची शिकवणी घेतली. जेवणाच्या टेबलापलीकडे ती साहेब होऊन बसायची, अलीकडे दाजी, आणि फुकटचा प्रेक्षक मी.

"तुमच्यातला एखादा दोष सांगा."

"दुपारी झोप येते," दाजी प्रामाणिकपणे म्हणाले.

"बाबा! दोष विचारला की गुणच सांगायचा, फक्त जरा तोंड पाडून. म्हणा, काम संपल्याशिवाय मला घरी जाववत नाही. बरं, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?"

"रिटायर."

मी खो खो हसलो. भाचीने मला दटावलं. जुन्या कंपनीबद्दल, जुन्या सोबत्यांबद्दल चुकूनही वाकडं बोलायचं नाही, हे तिने बापाकडून घोकून घेतलं. मग तिने तो प्रश्न विचारला. कामावरचा एखादा कठीण प्रसंग सांगा, आणि त्या वेळी तुम्ही काय केलंत?

दाजींकडे प्रसंग एकच होता. खळ लावणाऱ्या कामगाराची बाही रोलरमध्ये अडकली आणि यंत्र त्याचा हात ओढायला लागलं. दाजी समोरच उभे होते, हातात पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन, आणि जागच्या जागी थिजले. पलीकडच्या टोकाहून घुम्या धावत आला आणि त्याने लाल बटण दाबलं. घुम्या हे त्याचं खरं नाव नव्हे. दिवसभरात दोन शब्द बोलला तर बोलला, म्हणून ते नाव पडलं होतं. त्या कामगाराचा हात कोपरापासून गेला, पण जीव वाचला. हे सगळं दाजींनीच त्या दिवशी घरी येऊन आम्हाला सांगितलं होतं. "माझे पायच उचलेनात रे," म्हणत लहान मुलासारखे रडले होते.

टेबलाशी त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. भाचीने कपाळाला हात लावला. "मग नोकरी घुम्याकाकांनाच द्यायला पाहिजे! बाबा, ते विचारणार, तुम्ही काय केलंत. उत्तरात 'मी' पाहिजे. मी पाहिलं, मी धावलो, मी बटण दाबलं."

"अगं, पण..."

"तिथे कोण येणार आहे बघायला?"

"मला नाही हे पटत," ताई मशीनवरून म्हणाली आणि शिवत राहिली. मी म्हटलं, मुलाखतीत सगळेच थोडं मीठमसाला लावतात.

सुरुवातीला 'मी' म्हणताना दाजी अडखळायचे. मग जीभ वळली. गठ्ठा खाली टाकला, ही भर पडली. पुढे बटणावरचं फुटकं झाकण आलं, अंगठ्याला लागलेलं ग्रीस आलं. एका संध्याकाळी त्यांनी ते इतकं रंगवून सांगितलं की ताईचं मशीन थांबलं. सांगून झाल्यावर दाजी स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसले. मला ते मुळीच आवडलं नाही.

मुलाखतीला मी सोबत गेलो. अरुंद व्हरांडा, भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकाला टेबलाशी बसलेला कारकून. दाजींचा नंबर लागला. थोड्या वेळाने आतून हसण्याचे आवाज आले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "थांबा म्हणालेत," ते कुजबुजले. "साहेबांशेजारच्या बाई तर म्हणाल्या, अशीच माणसं हवीत आम्हाला."

इतक्यात जिन्यातून घुम्या वर आला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, कपाळावर घाम. दाजींना पाहून त्याला इतका आनंद झाला की त्याने चक्क त्यांचा हात धरला.

"आत काय विचारतात रे?"

"काही नाही," दाजी म्हणाले. "सोपं असतं."

"मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. सांगण्यासारखं एकच आहे माझ्याकडे. तो रोलरचा प्रकार. तोच सांगतो. चालेल ना?"

मी दाजींच्या बरगडीत कोपर मारलं. मनात म्हणत होतो, सांगा त्याला, काहीही सांगा, दुसरं काही बोल म्हणावं. दाजींचे ओठ हलले. "चालेल की," ते म्हणाले. घुम्या आत गेला.

जरा वेळाने दार उघडलं आणि दाजींना परत आत बोलावलं. दार अर्धवट उघडंच राहिलं. घुम्या खुर्चीच्या कडेवर बसला होता, कानापर्यंत लाल. साहेब म्हणाले, "हे म्हणतात बटण यांनी दाबलं. तुम्ही दोघं एकाच ठिकाणी होता म्हणे. काय प्रकार आहे?"

घुम्याने सुटकेचा श्वास टाकला. आपला माणूस आला, आता सगळं सरळ होईल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

दाजींचा आवाज आला, मऊ, ठाम, शिकवणीतला. "साहेब, हा फार चांगला कामगार आहे. त्याच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. त्या दिवशी सगळेच भेदरले होते. भेदरलेल्या माणसाला नंतर काय काय आठवतं."

बाईंनी साहेबांकडे पाहून मान डोलावली. त्या उत्तरावरच जागा दाजींची झाली, हे मला बाहेर बसूनही कळलं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात चूल पेटणार होती आणि मला दाजींच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती.

दोघं बाहेर आले. घुम्या भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला, बराच वेळ शब्द जुळवत. कारकून हातातलं काम थांबवून बघत होता.

"आत ते म्हणाले, मी खोटं बोलतो," घुम्या म्हणाला. "मला नीट सांगता आलं नाही, ते खरं. पण बटण मीच दाबलं होतं ना रे? तू तर समोरच होतास."

मी तोंड उघडलं, पण दाजींनी माझं मनगट असं आवळलं की कळ गेली. त्यांची नजर कारकुनावर होती. मग त्यांनी घुम्याकडे पाहिलं, अगदी सरळ डोळ्यांत.

"मला तर मीच दाबल्याचं आठवतंय," दाजी म्हणाले.

घुम्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं, घाम पुसला आणि मान हलवली.

"मग चुकलंच माझं," तो म्हणाला. "उगाच तुझ्या आड आलो. माफ कर."