दिवा लागला म्हणजे वायर ठीक

जळगावच्या एका कॉलेजात मी अकरा वर्षं झाडलोट केली. कॉम्प्युटरची गार खोलीही माझ्याकडेच होती. तिथे एकमेकांना जोडलेली बारा मशिनं. प्रत्येकाच्या पोटात आणखी एक बारकं मशीन. मोठं तापलं किंवा अडकलं, की ते बारकं कॉम्प्युटरवाल्या साहेबाला त्याच्या टेबलावर कळवायचं. हे साहेबानेच सांगितलं. मी चौथी शिकलेली.

दसऱ्याला मशिनांची पूजा असते. आदल्या दिवशी मी चार मशिनं मागून पुसली. वायरी धुळीने काळ्या झालेल्या. प्रत्येकाची एक बारीक वायर काढली, पुसली, परत खोचली. शेजारी तसंच आणखी एक भोक होतं. बसली तिथे बसवली.

सुट्टीनंतर त्याच चार मशिनांची बारकी उत्तर देईनात. एसी आधीच धापा टाकत होता, आणि आत ताप किती चढला ते साहेबाला दिसेना. त्या चारांवर धुळ्याच्या एका पोरीचं पीएचडीचं गणित एकोणीस दिवस चाललं होतं. मुदत दोनदा वाढवून झालेली. महिनाअखेर उत्तर दाखवलं नाही तर तिचं नाव कटणार होतं.

साहेबाने आतून हुकूम देऊन बारकी पुन्हा चालू करून पाहिली. काही नाही.

"आता वीजच तोडावी लागेल."

"सर, गणिताचे चारच दिवस राहिलेत; वीज तोडली तर पहिल्यापासून करावं लागेल," पोरगी म्हणाली.

"मशीन जळलं तर गणितही जळेल."

मी म्हटलं, "साहेब, मागच्या वायरी मी काढल्या होत्या."

त्याने वाकून बॅटरी मारली. "भोकाजवळचा दिवा लागलाय ना? मग वायर ठीक आहे. अक्का, तुम्ही फरशीचं बघा."

मी फरशीचं बघितलं.

त्याने चारही मशिनांच्या वीजवायरी उपटल्या, पाच मिनिटांनी लावल्या. मोठी उठली, बारकी मुकीच. मग तो मशिनांच्या माहितीचा कागद घेऊन मागे बसला, भोकं तपासली, बारीक वायरी शेजारच्या भोकात घातल्या. चारही लगेच बोलली. ताप नेहमीएवढाच होता.

पोरगी दाराशी उभी होती. "बठ्ठं गयं, अक्का," म्हणाली. एकोणीस दिवसांचं सगळं गेलं होतं.

मी दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. त्याने ऐकलं असतं असं मात्र मला वाटत नाही.

ती दुपारच्या एसटीने धुळ्याला गेली. महिनाअखेर नाव कटलं.