जास्वंदीची पोलीस पडताळणी

संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात माझी निवड झालेली, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. हवालदार कोपरच्या आमच्या घरी आले, ते साक्षीला नेमके तळमजल्यावरच्या काकांना घेऊन. त्यांच्या कुंडीतली जास्वंद मी रोज सकाळी देवासाठी गुपचूप तोडायचो.

"मुलगा चांगला आहे," काका म्हणाले, "पण फुलचोर आहे."

"छे हो! मी कशाला तोडू?"

हवालदारांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. गणपतीच्या डोक्यावर ताजी लालभडक जास्वंद होती.

"फुलाचं सोडा," ते म्हणाले, "पण आत्ता खोटं बोललात, ते लिहू का?"

मी तिथेच कान पकडले. शेरा चांगला गेला, नोकरी लागली. हल्ली काका स्वतःच फूल आणून देतात आणि जिन्यात सगळ्यांदेखत विचारतात, "कारखान्यातून काही उचललं नाहीस ना रे?"