घरचं वाक्य

हिंदी मुलखातल्या चेरीतालच्या त्या गल्लीत शकुंतला खानझोडे कुठे राहतात असं विचारलं तर कुणीही खांदे उडवील. 'मीनिंगवाली मॅडम' म्हटलं की मात्र पानठेल्यावरचा माणूससुद्धा हात लांब करून घर दाखवतो आणि वर बजावतो, "भैया, ज़रा सँभल के जाना."

बजावतो ते खोटं नाही. शकुताई चिडक्या होत्या. दूधवाल्यावर चिडत, टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांवर चिडत, आणि कारखान्यातून रिटायर होऊन घरी बसलेल्या बाबारावांवर तर केवळ समोर दिसले म्हणून चिडत. बाबारावांनी त्यावर एकच उपाय शोधला होता. बायकोचा आवाज चढला की ते चहा ठेवायला आत जात. त्या घरात दिवसातून फार वेळा चहा होई.

पण शकुताईंचा खरा राग होता तो इंग्रजी शब्दांच्या वापरावर. इंग्रजीवर नव्हे, ते तर त्यांचं पोट आणि प्रेम दोन्ही होतं. राग होता तो शब्द वापरणाऱ्यांवर. त्या नव्यानं लग्न होऊन आल्या तेव्हा एम.ए. इंग्लिश होत्या आणि एका चांगल्या शाळेनं त्यांना बोलावलं होतं. सासऱ्यांना इंग्रजीतले मोजून दोन-चार शब्द येत, त्यातला एक त्यांनी काढला. "ॲडजस्ट कर, पोरी." झालं. शाळा गेली. पुढे शकुताईंच्या लक्षात आलं की या गल्लीत ज्यांना एबीसीडी येत नाही त्यांनाही हा एक शब्द बिनचूक वापरता येतो, आणि तो सासू सुनेला, भाऊ बहिणीला, बाप लेकीला म्हणतो. जावयाला ॲडजस्ट कर म्हटलेलं त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तेव्हापासून तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरलीच नाही.

म्हणून पुढे घरीच सुरू केलेल्या त्यांच्या शिकवणीच्या वर्गाची रीत वेगळी होती. शाळेत शब्दाचा अर्थ म्हणजे दुसरा शब्द. ब्रेव्ह माने बहादुर, ऑनेस्ट माने ईमानदार. घोकायचं आणि परीक्षेत ओकायचं. वाक्यात उपयोग विचारला की गाइडमधलं वाक्य तयार. शकुताईंच्या पुढच्या खोलीत गाइडला बंदी होती. तिथे अर्थ सांगून झाला की प्रत्येकानं 'घरचं वाक्य' सांगायचं. म्हणजे त्या आठवड्यात आपल्या घरात खरोखर घडलेली गोष्ट, त्या शब्दात बसवून.

एकदा एका पोरानं ब्रेव्हसाठी राणी दुर्गावतीला उभं केलं तर शकुताई कडाडल्या, "ती तुझ्या घरी पोळ्या लाटते का? घरातलं सांग!" मग छोटी रुचिरा उठली आणि म्हणाली, "माय मदर इज ब्रेव्ह. शी सेड नो टू दादी." सगळा वर्ग खिदळला. शकुताई हसल्या नाहीत. "शाबास," म्हणाल्या. "शब्द असा येतो, बाई."

वर्गातलं वाक्य उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, असाही नियम होता. पोरं मान डोलावत. शकुताईंना वाटे, नियम केला म्हणजे तो पाळला जातो. इतकी शिकलेली बाई, पण या बाबतीत अगदी भोळी.

त्या सोमवारी शब्द होता सॅक्रिफाइस. कुणाच्या आईनं पोरासाठी नवी साडी घेतली नव्हती, कुणाच्या बापानं सिगरेट सोडली होती. मग प्रणाली ढोमणे उठली. बारावी झालेली, वर्गातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात हुशार. धाकट्यांना सांभाळायला म्हणून अजून येत होती. शांत आवाजात म्हणाली, "माय फादर सॅक्रिफाइस्ड माय कॉलेज."



शकुताईंनी वर्ग सोडला आणि तिला थांबवून सगळं काढून घेतलं. नागपूरच्या कॉलेजात फिजिओथेरपीची सीट तिला मिळाली होती, स्वतःच्या मार्कांवर. शुक्रवारपर्यंत ती ऑनलाइन पक्की करायची होती आणि त्याचा ओटीपी बापाच्या मोबाइलवर येणार होता. बाप, रत्नाकर ढोमणे, देत नव्हता. आजी पडून कंबरेचं हाड मोडलेलं, आई राजश्री दिवसभर रेल्वेच्या ऑफिसात, मोठा भाऊ केतन भोपाळला इंजिनिअरिंगला. मग आजीजवळ कोण?

"पप्पा म्हणतात, एक सालचा गॅप घे," प्रणाली म्हणाली. "म्हणतात, जरा प्रॅक्टिकल हो."

"आणि केतननं काहून नाही घेतला गॅप?"

शकुताईंना उत्तर ठाऊक होतं. तेच उत्तर त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. या पोट्टीची सीट गेली तर पुढच्या वर्षी आजी नसली तरी आणखी काहीतरी निघेल, आणि मग एखादं स्थळ निघेल. गॅप म्हणे! ज्या खड्ड्यात पोरीचं सगळं आयुष्य मावतं त्याला हे लोक गॅप म्हणतात, या विचारानं त्यांना रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रत्नाकर कारखान्याच्या ऑफिसातून घरी आला असेल अशा बेतानं त्या निघाल्या. बाबाराव म्हणाले, "शकु, जरा हळू बोलजो." पण ते ऐकायला शकुताई जाग्यावर नव्हत्या.

रत्नाकरनं दार उघडलं. त्याचा चेहरा आधीच उतरलेला होता. "या मॅडम, बसा," म्हणाला. चहा विचारला नाही.

"बसायला नाही आली मी. पोरीचा ओटीपी काहून देऊन नाही राहिला तू?"

"मॅडम, घर आहे. घरासाठी थोडाबहुत सॅक्रिफाइस करावाच लागते."

"कोणाला?" शकुताईंचा आवाज शेजारच्या यामिनीच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला. "सॅक्रिफाइस आपल्या वस्तूचा असते, रत्नाकर. आपली नोकरी सोड, आपली झोप सोड, त्याला सॅक्रिफाइस म्हणतात. दुसऱ्याचं ताट उचलून देवापुढे ठेवायचं आणि आपण हात जोडून उभं राहायचं, याला दुसरा शब्द आहे. तो शब्द सांगू तुला?"

रत्नाकर आतापर्यंत दबून होता. इथे तो उसळला. "मला शब्द शिकवू नका! आज सकाळी कारखान्याच्या गेटवर तिवारी विचारते, 'क्यों ढोमणे जी, बिटिया की पढ़ाई छुड़वा रहे हो?' चार लोकांसमोर! त्याचा पोट्टा तुमच्याच क्लासला येते ना? कोपऱ्यावरच्या दुकानवाल्याला माहीत, दूधवाल्याला माहीत. माझ्या घरची गोष्ट तुम्ही चव्हाट्यावर मांडली, मॅडम. पोरीकडून वदवून घेतली. आता तर मी काही झालं तरी देत नाही!"

चूक आपली निघाली की शकुताई आणखी मोठ्यानं बोलत. तशा बोलल्या. बाप आहेस की ठेकेदार, असंही म्हणाल्या. आतल्या खोलीतून आजीचं कण्हणं ऐकू आलं आणि रत्नाकरनं दार लावून घेतलं.

बुधवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी राजश्री आली ती तडक स्वयंपाकघरात. बाबारावांनी मुकाट्यानं आधण ठेवलं. राजश्री हळू बोलणारी बाई. त्या दिवशीही हळूच बोलली.

"शकुताई, तुम्ही काय केलं माहीत आहे का तुम्हाला? दोन हफ्त्यांपासून मी यांना पटवून राहिली होती. पनागरच्या बेबीताईंना, माझ्या नणंदेला, मी तयार केलं होतं. त्या येऊन राहणार होत्या आईंजवळ. हे अर्धे मानले होते. आज-उद्या हो म्हणाले असते आणि कोणाला पत्ता लागला नसता. झाकली मूठ होती माझी. तुम्ही ती उघडली."

"मला कोणी सांगितलं नाही," शकुताई म्हणाल्या.

"सांगायची गोष्ट होती का ती? तुम्हाला सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं."

हे शब्द थोबाडीत बसल्यासारखे लागले. शकुताई ओट्याला टेकल्या. राग आला होता, भयंकर आला होता, आणि तो कुणावर काढावा हे पहिल्यांदाच समजत नव्हतं. रत्नाकरवर काढावा तर पुरे झालं होतं. उंबऱ्याबाहेर वाक्य नेणाऱ्या पोरांवर काढावा तर ती पोरंच. उरल्या त्या स्वतः. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि अवलक्षण निघालं होतं प्रणालीचं.

"आता काय म्हणते तो?"

राजश्रीनं मान खाली घातली. "म्हणतात, मॅडमनी सगळ्या क्लाससमोर सांगावं की प्रणालीचं वाक्य खोटं होतं. आमच्या घरी असं काही नाही झालं. मी दारात उभा राहून ऐकीन, आणि मग ओटीपी देईन. आणि प्रणालीला हे कळू द्यायचं नाही. तिला वाटलं पाहिजे की बापानं आपल्या मनानं पाठवलं."

"वा रे वा! बाप! त्याला पाठवायचंही आहे आणि चांगलंही दिसायचं आहे! आणि मी माझ्या पोरांसमोर खोटं बोलू? माझ्या क्लासमध्ये? जी पोट्टी एकटी खरं बोलली तिलाच खोटं पाडू?"

"ताई," राजश्री म्हणाली, आणि तिच्या तोंडून तो शब्द अगदी सहज निघाला. "एवढं ॲडजस्ट करून घ्या ना."

बाबारावांनी गाळणी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. शकुताईंनी राजश्रीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, साडीची पिन उलटी लागली होती, आणि या बाईनं गेल्या वीस वर्षांत किती वेळा हा शब्द गिळला असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आता तीच तो दुसऱ्या बाईच्या ताटात वाढत होती, लेकीसाठी. तिच्यावर ओरडणार कसं? ज्यानं तिच्यावर ही वेळ आणली तो स्कूटर पुसत उभा असेल.

"किती वाजता येईल तो?" शकुताईंनी विचारलं.

संध्याकाळी पोरं जमली. प्रणाली कोपऱ्यात रुचिराची वही तपासत होती. रत्नाकर दारात येऊन उभा राहिला, हातात हेल्मेट, जणू लेकीला न्यायला आला आहे. प्रणालीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शकुताई उभ्या राहिल्या. आयुष्यात इतक्या हळू त्या कधी बोलल्या नव्हत्या. "सोमवारी प्रणालीनं जे वाक्य सांगितलं, ते खरं नव्हतं. तिच्या घरी तसं काही झालं नाही. तिनं उगाच सांगितलं."

प्रणालीनं मान वर केली. आधी तिला वाटलं, मॅडम काही दुसरंच बोलून राहिल्या आहेत. मग कळलं. ती उभी राहिली. "मॅडम, माझं वाक्य खरं होतं. मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं."

दारातलं हेल्मेट या हातातून त्या हातात गेलं. शकुताईंना तिथेच रत्नाकरची गचांडी धरावीशी वाटली. त्याऐवजी त्या पोरीवर कडाडल्या, नेहमीच्या, गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात. "बस खाली! खोटं होतं म्हणते ना मी!"

"दीदी झूठ बोली?" रुचिरानं विचारलं.

"हो," शकुताई म्हणाल्या.

प्रणाली बसली नाही. तिनं बॅग उचलली, चपला हातातच घेतल्या आणि बापाला ओलांडून निघून गेली. रत्नाकर मान हलवून "नमस्ते मॅडम" म्हणाला आणि तिच्यामागे गेला. शब्दाला जागला मात्र. त्याच रात्री ओटीपी दिला, सीट पक्की झाली.

पनागरहून बेबीताई आल्या. सगळीकडे बोभाटा झाला की ढोमणेंनी लेकीला नागपूरला धाडायचं मनावर घेतलं, म्हाताऱ्या आईची अडचण असताना! मोठ्या मनाचा माणूस! तिवारीनं गेटवर हात मिळवला म्हणतात. शकुताईंच्या कानावर हे सगळं येई आणि घरात चहा होत राही. वर्ग चालू होता, पण पोरं आता वाक्य सांगण्याआधी दाराकडे बघत. गाइडमधली वाक्यंही पुन्हा यायला लागली होती. शकुताई ती ऐकून घेत आणि आतल्या आत जळत. ओरडायचा हक्क त्यांनी स्वतःच गमावला होता.

नागपूरला निघायच्या दिवशी रत्नाकर पेढे घेऊन आला. फाटकाबाहेर स्कूटरपाशी प्रणाली उभी होती. आत आली नाही.

"पोरगी खुश आहे, मॅडम," रत्नाकर म्हणाला. "तुमचे आशीर्वाद."

शकुताईंनी डबा घेतला, बाबारावांच्या हातात कोंबला आणि त्या फाटकापर्यंत गेल्या. प्रणालीनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं, डोळे न झुकवता.

"जाऊन येते म्हण," रत्नाकर म्हणाला.

"पप्पा, चला," प्रणाली म्हणाली. "यांच्याशी मला नाही बोलायचं."

स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत शकुताई फाटक धरून उभ्या होत्या. मागून बाबाराव आले.

"आता सांगून टाक ना तिला. सीट तर झाली पक्की."

"काहून सांगू? सांगितलं तर तिथे होस्टेलात बसून बापाशी भांडत राहील. त्यापेक्षा माझ्यावर चिडली तर बरं. मला दाखवायला म्हणून तरी अभ्यास करील."

बाबारावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं.

"शकु, तू रडून राहिली का?"

"रडून नाही राहिली," शकुताई खेकसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "चिडून राहिली."